साठच्या रस्त्यावर तीस

लाँड्रीत त्याला सगळे वरात म्हणत. हे नाव त्याच्याच मुलखातून आलेल्या ड्रायव्हरांनी ठेवलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. हॉस्पिटलांच्या धुतलेल्या चादरी भरून त्याची पांढरी व्हॅन रस्त्याला लागली की मागे रांग लागायची. ट्रक, टॅक्सी, शाळेची बस, एकदा तर शववाहिकासुद्धा. वरातीमागून घोडे हे आजवर नुसतं ऐकलं होतं, इथं रोज बघायला मिळतं, असं इस्त्रीवाला म्हणायचा. वरात ऐकून घ्यायचा. हसायचाही, पण ते हसूसुद्धा ताशी वीसच्या पुढे जात नसे.

मूळचा हा माणूस असा नव्हता. आपल्या देशात तो भाजीचा टेम्पो असा हाणायचा की शेजारी बसलेली बायको दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवायची. वेगाची मर्यादा तिकडेही होती. पाट्या होत्या, पाट्यांवर आकडे होते, फक्त ते वाचायचं काम कुणी कुणावर सोपवलेलं नव्हतं. पोलिसाची शिट्टी वाजली की काय करायचं, हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाडी बाजूला घ्यायची, पटकन खाली उतरायचं आणि साहेब येण्याआधी आपणच साहेबांकडे जायचं. साहेबांना उन्हात चालायला लावलं की प्रकरण वाढतं. गाडीत बसून राहतो तो मुजोर.

हे शहाणपण सोबत घेऊनच तो परदेशी आला. नव्यानंच व्हॅन हातात मिळाली होती, चाळीसच्या रस्त्यावर तो साठच्या वर गेला आणि मागे निळा दिवा फिरू लागला. त्यानं गाडी रीतसर थांबवली, खाली उडी मारली आणि हात जोडून पोलिसांच्या गाडीकडे धावत सुटला. दोन्ही पोलीस दारांआड वाकले, त्यांचे हात कमरेच्या पिस्तुलांवर गेले, आणि थोड्याच वेळात वरात डांबरावर पालथा पडलेला होता. नमस्कार कुणी घेतला नाही. वेगाबद्दल दंड झाला, गुन्ह्याची नोंद झाली. इथं गाडीतून न उतरणं हीच अदब असते, हे त्यातल्या तरुण पोलिसानं त्याच्या शर्टावरची धूळ झटकत सांगितलं. पोलीस तसा भला होता.

एवढ्यावर निभावलं असतं. पण बायकोला इथं आणण्यासाठी त्यानं अर्ज केला होता. ती तिकडे सासूबाईंपाशी, हा इकडे चादरींपाशी, अशी चार वर्षं गेली होती. कचेरीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत स्पष्ट सांगितलं, "एक गुन्हा चालून जाईल. दुसरा झाला की अर्ज फेटाळला जाईल."

तेव्हापासून साठची पाटी दिसली की हा तीसनं चालू लागला. पोहता येत नसेल तर विहिरीच्या काठानं चालूच नये, हा त्याचा हिशेब. मागचे हॉर्न वाजवायचे, काच उतरवून त्याच्या कुळाचा उद्धार करायचे. भाषा पुरती कळत नसल्यानं ते फारसं लागत नव्हतं. चादरी उशिरा पोचतात म्हणून सुपरवायझर करवादला, तेव्हा तो गठ्ठे भरायला सगळ्यांच्या आधी येऊ लागला, पण वेग वाढवला नाही. फोनवर बायको विचारायची, "कसं चाललंय?" हा म्हणायचा, "निवांत." वेगापुरतं ते खरंच होतं.

आणि एका सकाळी मागे पुन्हा निळा दिवा फिरला.

या वेळी तो उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. काच खाली करायची की नाही, हे मागच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तीही केली नाही. पोलीसबाईंनी काचेवर टकटक केली. मग आणखी जोरात केली. शेवटी त्यांनी स्वतःच दार उघडलं.

"साठच्या रस्त्यावर तीसनं का चालवताय?"

"मर्यादेच्या आतच आहे, बाई."

"फार आत आहात. सगळा रस्ता अडलाय. हाही गुन्हाच आहे."

जोरात गेलं तर गुन्हा, हळू गेलं तरी गुन्हा, मग माणसानं जायचं तरी कसं? वरातनं मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगून टाकलं. बायको, अर्ज, कचेरीतल्या बाई. सांगताना त्याचे हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत.

बाईंनी मागची रांग बघितली. मग म्हणाल्या, "ठीक आहे, नोंद करत नाही. पण साठनं जा."

"जमत नाही," वरात म्हणाला. "पाय दाबतच नाही."

यावर पोलीस खात्यात काय शिकवतात कोण जाणे. बाईंनी आपल्या जोडीदाराला मागून यायची खूण केली, पुढून वळसा घेतला आणि त्या व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. पट्टा लावला. "चला. दाबा."

चाळीस झाले. "आणखी." पन्नास झाले. वरातच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "आणखी थोडं. मी बसलेय ना." काटा साठला टेकला, मागचे हॉर्न थांबले. पुढच्या चौकात बाई उतरल्या, "अस्सं," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवशी चादरी वेळेवर पोचल्या. इस्त्रीवाल्यानं तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

संध्याकाळी फोनवर बायकोनं नेहमीचं विचारलं आणि वरातच्या तोंडून निवांत हा शब्द निघेना. त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, डांबरावर पालथं पडल्याचंही. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"एवढे जीव मुठीत धरून राहता तिथं," ती म्हणाली, "आणि मला तिथंच बोलावताय?"

चार वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, त्यानं स्वतःलाही नाही. ये म्हणावं असं त्याला फार वाटत होतं. नको येऊस म्हणणंच खरं होतं, हेही कळत होतं.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"तो अर्ज काही मागे घेऊ नका," ती म्हणाली. "घाबरायचंच आहे तर तुम्ही एकट्यानं का घाबरायचं?"