लाल टॅगवाले मामा

ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली तेव्हा तपासणीला आमचे मामा असते, तर ती अजून कारखान्यातच पडून राहिली असती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. चंद्रावरचे डाग, आंब्यातली कोय, माणसाचे गुडघे, यांतलं काहीही त्यांच्या हातून सुटलं नसतं. "डिझाइनच चूक," असं म्हणून त्यांनी विधात्याला नमस्कार केला असता आणि माल परत पाठवला असता.

मामा म्हणजे माझे सख्खे-चुलत कोणी नव्हेत. चेन्नईत नोकरीला आल्यावर नंगनल्लूरमधल्या ज्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, त्या घराचे ते मालक. सारी गल्ली त्यांना मामा आणि त्यांच्या पत्नीला मामी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. घराणं तंजावरचं, मराठी तिथलंच, कित्येक पिढ्यांपूर्वी बरणीत घालून झाकण लावलेलं. मी साताऱ्याहून आलेलो, तेव्हा मराठी माणूस भेटला म्हणून आनंदाने घडाघडा बोलू लागलो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि धाकट्या भावाला मारावी तशी तमिळ हाक मारून म्हणाले, "तंबी, तुझं मराठी चूक अहे. पण भाडं वेळेवर देशील तर चालेल." ही माझी पहिली तपासणी. आपलं मराठी शुद्ध आणि बाकी साऱ्या महाराष्ट्राचं बिघडलेलं, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते बदलण्याची कुणाची छाती नव्हती.

श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म तपासनीस म्हणून काढला. निवृत्त झाले, कंपनीची बस त्यांना न घेता जाऊ लागली, पण तपासणी काही थांबली नाही. बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून ते टॅग बनवत. लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे होल्ड, अजून विचार चालू आहे. हे टॅग घरभर सुतळीने लटकत असत. कुरकुरणाऱ्या फाटकाला लाल, गळक्या नळाला लाल, पाहुण्यांनी भेट दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळाला लाल, आणि तेही पाहुणे समोर बसलेले असताना. कारखान्यातले दोन नियम ते वेदवाक्यासारखे सांगत. एक, जो माल बनवतो त्याने तो तपासायचा नाही. दुसरा, ज्याने टॅग बांधला त्यानेच तो सोडायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे फाटक दुरुस्त झालं तरी मामा येऊन पाहीपर्यंत बिचारं लाल टॅग मिरवत उभं असायचं. मी स्वतः पिवळा होतो. माझ्या दारावर पहिल्याच आठवड्यात पिवळा टॅग लागला आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहिला. एकदा मी विचारलं, "मामा, हिरवा टॅग कुठाय?" तर म्हणाले, "हिरवा लागला कीं माल गेटाबाहेर. मग तो परत येत नाही. घाई कशाला?"

मी सिरुसेरीच्या आयटी पार्कात काम करतो असं कळल्यावर त्यांनी कुतूहलाने विचारलं, तुमच्याकडे चूक सापडली तर काय करता? मी प्रामाणिकपणे सांगितलं की, माल आधी गिऱ्हाइकाला देतो आणि चूक पुढच्या खेपेला दुरुस्त करतो. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

मामींचा स्वभाव याच्या बरोब्बर उलटा. त्यांना सगळंच पसंत. मामा त्यांना पाहायला गेले होते ती हकीकत मामी रंगवून सांगत. मुलीकडे बघण्याआधी मामांनी आपली खुर्ची हलवून पाहिली, वाकून खुर्चीच्या डुगडुगत्या पायाखाली कागदाची घडी सारली आणि मगच मान वर केली. "मला वाटलं, हा माणूस खुर्चीलाच पसंत करूंन जाणार," मामी म्हणत आणि पदर तोंडाला लावून हसत. सकाळी कॉफीचा पहिला घोट घेऊन मामा रोज म्हणायचे, "डिकॉक्शन पातळ. रिजेक्ट." आणि टंबलर रिकामा करायचे. मी एकदा त्यांना पकडलंच. रिजेक्ट माल पिता कसा? तेव्हा कळलं की याला कारखान्यात डेव्हिएशन म्हणतात. म्हणजे माल चुकीचा आहे, पण या खेपेपुरता चालवून घेऊ.

त्यांच्या घराच्या पुढच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी मोटारसायकल होती. जडशीळ, धडधडणारी, याच गावातल्या कारखान्यात जन्मलेली. लग्नानंतर याच गाडीवर बसून दोघं समुद्रावर उकडलेल्या चण्यांचं सुंडल खायला जात. पुढे मामांना कंपनीची बस मिळाली, मामींचे गुडघे धरले आणि गाडीवर ताडपत्री पडली. निवृत्तीनंतर एका दुपारी भेंड्या चिरता चिरता मामी सहज बोलून गेल्या, "एकदां तेच्यावर बसून समुद्राला जायचं अहे. पण माझं पाऊल कुठे इतकं वर जातं!" मी तिथेच होतो. मामाही. दुसऱ्या दिवशी ताडपत्री उतरली आणि मामींचं स्वयंपाकघरातलं बसायचं लाकडी स्टूल नाहीसं झालं.

स्टूल शेडमध्ये होतं. मामा टेप लावून त्याची उंची मोजत होते. मामी बसतात किती उंचावर, उठताना हात कुठे टेकतात, पाय किती वाकतो, सगळं त्यांनी न विचारता, दारातून चोरून बघून टिपलं होतं. मग गाडी अशी काही सोलली की शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. टाकी तुळशीकट्ट्यावर, सायलेन्सर खिडकीत, हँडल कपड्यांच्या दोरीवर. पुदुपेट्टैच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आम्ही किती वेळा गेलो याची गणती नाही. तिथले दुकानदार मामांना लांबून बघूनच शटर ओढायला धावत, कारण मामा एक बोल्ट घ्यायला सारं पोतं ओतायला लावत आणि शेवटी "उद्या येतो" म्हणत. ऑफिसातले माझे दोन मोटारसायकलवेडे मित्र एकदा हौसेने सल्ला द्यायला आले. "अंकल, मागची सीट काढून टाका. एकट्याची सीट ठेवा. काय लूक येईल!" मामांनी त्यांच्याकडे फार करुणेने पाहिलं. "मागची सीट काढायची? मग गाडी कशाला?"

जगात सगळे गाडी पुढून बनवतात, मामांनी ती मागून बनवली. चेसिसचा मागचा भाग कापून खाली घेतला, वेल्डिंग करून आणलं. स्टुलाच्या उंचीवर रुंद, मऊ सीट बसवली, तिला पाठ टेकायला कठडा केला, एका बाजूला दोन्ही पावलं मावतील अशी फळी आणि तिच्याखाली चढायला घडीची पायरी. फुलांची पिशवी अडकवायला आकडासुद्धा. पुढच्या सीटवर आपण कुठे बसणार, हे त्यांच्या अगदी शेवटी लक्षात आलं आणि मग पेट्रोलची टाकी पुढे सरकवावी लागली.

पण खरी गंमत तपासणीची. बनवणाऱ्याने तपासायचं नाही, हा नियम मोडणं मामांना शक्यच नव्हतं. मग त्यांनी तोड काढली. लुंगी आणि भोकं पडलेला बनियन घालून ते काम करत. काम झालं की आत जात, अंघोळ करत, कंपनीचा निळा शर्ट घालून खिशाला पेन लावत आणि मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून पुढच्या फाटकातून पाहुण्यासारखे आत येत. "हे काम कोण केलं?" ते मला विचारत. मी म्हणायचो, "तुम्हीच." "नाव सांगूं नको. मी कामाला बघतो, माणसाला नाही." आणि दहा ठिकाणी बोट लावून लाल टॅग बांधून निघून जात. थोड्या वेळाने लुंगीत परत येत, टॅग वाचत आणि कपाळावर हात मारत, "अय्यो, त्या माणसाला काय ठाऊक? नुस्ता पेन लावून फिरतो!" मी हसू लागलो की मला दोन्ही मामांची बोलणी खावी लागत.

हळूहळू मला हसू येईनासं झालं. गाडी तयार होती. मामा एकटे तिच्यावरून गल्लीत चकरा मारत, देवळापर्यंत जाऊन येत, कुठे खट् नाही की खुट् नाही. दर रविवारी दुपारी मामी ठेवणीतली साडी नेसत, केसांत मल्लिपू, म्हणजे आपला मोगरा, माळून ओसरीवर बसत. आणि दर रविवारी निळा शर्ट फाटकातून येई आणि टॅग बांधून जाई. कधी ब्रेकची तार, कधी चेनचा ताण, तर कधी एक आवाज, जो मामांखेरीज कुणालाच ऐकू येत नसे.  मामी उठून आत जात, साडी घडी करून ठेवत. ती फुलं संध्याकाळी देवाला जात. मला मामांचा राग यायचा. म्हातारीने मागितलं काय, तर समुद्र. तोही या माणसाकडून पास होत नव्हता.

अशाच एका रविवारी मामा अंघोळ करून बाहेर आले, तर खुंटीवर शर्ट नाही. घरभर शोधाशोध झाली. शेवटी शेडमध्ये आले, तर निळा शर्ट गाडीपाशी उभा. साडीवर, बटणं लावून, खिशाला पेनसुद्धा. मामींनी बाह्या दुमडल्या होत्या.

"हे काय?" मामा म्हणाले.

"बनवणाऱ्याने तपासायचं नाही. तुमचंच बोलणं. शर्ट बदललं मणून माणूस बदलतो कां? मी तपासते."

"तुला काय ठाऊक त्यांतलं? मागची तार अजून..." मामा बोलता बोलता थांबले. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "मागे कोण बसणार अहे, ठाऊक अहे ना? एक नट ढिला राहिला तर?"

मामांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता, आणि माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. तो बाकी कुणाला ऐकू न येणारा आवाज कुठला होता ते तेव्हा कळलं.

"मी बसणार अहे. मणूनच मी तपासते," मामी म्हणाल्या. त्यांनी पायरी उघडली, कठड्याला धरून एक पाऊल ठेवलं, मग दुसरं, आणि स्टुलावर बसावं तशा सहज बसल्या. पावलं फळीवर टेकली. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "पाऊल पोचलं," त्या म्हणाल्या. "पास. आता हे लाल काढा."

"तूं काढ."

"तुम्ही बांधलांत, तुम्हीच सोडा. तेही तुमचंच बोलणं."

मामा वाकले. सुतळीची गाठ त्यांनीच मारलेली, पक्की, काही केल्या सुटेना. मी पुढे झालो तर मामींनी डोळ्यांनीच थांबवलं. शेवटी गाठ सुटली. मामा तरी पुटपुटले, "थोडं चूक अहेच त्यांत."

"असूं दे. मी तुम्हांस लग्नापासून डेव्हिएशनवरच घेतले अहे."

हिरवा टॅग मात्र घरात नव्हता. हिरवा रंग मामांनी कधी आणलाच नव्हता. मामींनी मला आत पाठवलं आणि मी भाजीवाल्याने फुकट दिलेल्या कढीपत्त्याची एक डहाळी घेऊन आलो. ती त्यांनी हँडलला खोचायला लावली. मग शर्ट काढून माझ्या हातात दिला. मामांनी किक मारली, गाडी धडधडली आणि दोघं फाटकाबाहेर पडली. मामी एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने मामांचा खांदा धरून बसल्या होत्या. मी शर्ट हातात घेऊन गल्लीत उभा राहिलो, आवाज ऐकू येत होता तोवर. अंधार पडायच्या आत दोघं परतली ती कागदाच्या पुडीत माझ्यासाठी सुंडल घेऊन. मामांनी सांगितलं की सुंडलात मीठ कमी आहे. त्यानंतर प्रत्येक रविवारी ती गाडी समुद्रावर गेली. हँडलला दर वेळी नवी डहाळी असे आणि येताना तीच सांबारात पडे.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. सामान गेलं, मी बॅग घेऊन खाली आलो. मामींनी डबा दिला. मामा वर माझ्या दारावरचा पिवळा टॅग सोडत होते. इतक्या वर्षांनी का होईना, आपण पास झालो, असं वाटून मला उगाच गहिवरून आलं. मामा खाली आले, खिशातून लाल टॅग काढला आणि माझ्या बॅगेच्या मुठीला बांधला. चांगली दुहेरी गाठ मारली.

"मामा, शेवटी रिजेक्टच?"

"हिरवा लावलो तर तूं परत येणार नाहीस," ते गाठीकडे बघत म्हणाले. "हा मी बांधलो अहे. मीच सोडणार. इथे आणून दाखवायचं."

बॅग आता जुनी झाली आहे, चाकं गेली आहेत. बायको म्हणते, टाकून दे, निदान तो पुठ्ठा तरी काप. तिला नियम ठाऊक नाही. दर सुटीत चेन्नईला जायचं ठरतं आणि दर सुटीत काहीतरी निघतं. फोनवर मामा इकडचं तिकडचं बोलतात, आणि ठेवताना नेमकं विचारतात, "तंबी, गाठ अहे ना?"

आहे म्हणतो.