गेणभाऊची शपथ

महाळुंगे पडवळच्या यात्रेत कुस्त्यांचा पंच म्हणजे आमचा गेणभाऊ. मिशा पिळदार आणि तोंड असं की भल्या पैलवानानं खाली बघावं. माझा शेजारी, त्यामुळं त्या तोंडाचा प्रसाद मला रोजचा.

दोन हजार चार साली त्याचा थोरला भाऊ आतड्याच्या कॅन्सरनं गेला. डॉक्टर म्हणाले, धाकट्यानंही तपासून घ्यावं. तपासणी म्हणजे मागच्या दारानं कॅमेऱ्याची नळी. पंचाची अब्रूच की राव! बायकोला, ठमाबाईला, त्यानं गळ्याची शपथ घातली: कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. गावात सांगितलं, पुण्याला डोळे दाखवायला चाललोय. वर काळा गॉगल लावून परत आला, बेणं. आतड्यात काही निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा डावा खांदा दुखायला लागला. डोळे दाखवलेल्या माणसाचा खांदा दुखतोय, आम्ही काय समजणार? मीच तेल लावून रगडला. तो शिव्या देत होता, म्हणून मी निर्धास्त. दुपारनंतर शिव्या थांबल्या, पोट फुगलं, अंग घामानं गार पडलं. मी घाबरलो आणि ठमाबाईला बरोबर घेऊन त्याला जीपमध्ये घालून घोडेगावच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पडलात का, मार लागला का, एवढ्यात काही तपासणी?

"डोळ्यांची," गेणभाऊ म्हणाला.

ठमाबाई त्याच्या कानाशी एकच घोकत होती, "सुटली म्हना. एकदा सुटली म्हना." शपथ घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, आणि मोडली तर नवरा मरतो, हे तिच्या डोक्यात पक्कं. गेणभाऊ दात आवळून माझ्याकडं बघत होता. मला कळू नये म्हणून मरायला तयार! असा संताप आला मला.

शेवटी ठमाबाई सरळ उभी राहिली. म्हणाली, "बाई, काल ह्यांच्या ढुंगणातनं नळी घातली व्हती. आतडं बघायला."

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. अशा तपासणीत क्वचित एखाद्याची डाव्या बरगडीखालची प्लीहा फाटते, रक्त पोटात साठतं आणि दुखतो खांदा, म्हणाल्या. तशीच गाडी पुण्याला नेली, ऑपरेशन झालं. ठमाबाई बाहेर पाण्याचा थेंब न घेता हातातल्या बांगड्या चाचपत बसली होती. शपथ तिनं मोडली होती ना.

शुद्धीवर येताच गेणभाऊनं विचारलं, "कुनाकुनाला कळलं?"

"समद्या गावाला," ठमाबाई म्हणाली. "आन तरी बी तुमी जित्तं हाये." मग ती हमसून हमसून रडायला लागली.