घाटातल्या वेलीची स्थळपाहणी

एकोणीसशे पस्तीसच्या आसपास, कार्तिकातल्या एका रविवारी, माझ्या बहिणीने धारवाडात मळमड्डीच्या आमच्या घरी फोटो बघून घाटातल्या रानवनस्पती ओळखल्या. परीक्षक आमचे वडील, म्हणजे अप्पा, होते. त्यांना वनस्पतींतलं काही कळत नव्हतं. ते वकील होते.

बहीण माझ्याहून धाकटी, तरी घरात आईसकट सगळे तिला अक्का म्हणत. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. मार्गशीर्षात तिच्या वर्गाची सहल कॅसलरॉकच्या पुढे घाटात जायची होती, आणि तिला जायचं होतं. वर्गात ती एकटीच मुलगी. अप्पा नाही म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणत नसत, मुद्दा काढत. मामांनी घाटातल्या झाडांचे फोटो आणले आहेत. ते बघून घरबसल्या झाडं ओळखता येत असतील, तर घाटात जायचं कारण काय?

"आणि ओळखता आली नाहीत तर?" अक्काने विचारलं.

"तर अभ्यास कच्चा. कच्च्या अभ्यासावर घाटात जाऊन काय करणार?"

"म्हणजे दोन्हीकडून मी घरीच."

"तुझी बाजू मांड. मी ऐकतो."

मामांचा हुबळीच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. भाद्रपदात ते एका मित्राबरोबर घाटात फिरून आले होते. झाडं पापण्या मिटत नाहीत आणि पदर सारखा करत नाहीत, यावर ते खूश होते. मी हुबळीतच एका साप्ताहिकात कामाला होतो. त्या रविवारी आम्ही दोघे एकाच गाडीने धारवाडला आलो. फोटोंचं पाकीट त्यांनी वाटेत मला उघडू दिलं नाही.

ओसरीवर फोटो मांडले. सगळे काळेपांढरे.

"हे फूल कोणत्या रंगाचं होतं, मामा?"

"करडं."

"फोटोत नव्हे. रानात."

"रानात मी काळ्या कापडाखाली होतो, अक्का."

"पान चुरगाळून वास घेऊ का?"

"घे की. औषधाचा येईल. त्यातच धुतलाय."

तरीही तिने कारवी पानावरून ओळखली, सोनकी फुलावरून, रानहळद तुऱ्यावरून. पुस्तक काढून अप्पांना एकेक चित्र दाखवलं. अप्पा मान डोलवत होते आणि त्यांचा मुद्दा बळकट होत होता.

शेवटी वेलीचा फोटो आला. झाडावर चढलेली वेल आणि शेजारी खुद्द मामा: ओढ्यात अंघोळ करून आलेले, उघडे, ओला पंचा नेसलेले. उंचीचा अंदाज यावा म्हणून ते उभे राहिले होते. बटण मित्राने दाबलं होतं.

अक्काने फोटो उजेडाकडे धरला.

"पान कारंद्याचं आहे," ती म्हणाली. "पानाच्या बगलेत बटाट्यासारखा गोळा आहे, तोही कारंद्याचाच. पण कारंद्याची वेल समोरून बघितली तर उजवीकडून डावीकडे चढते. ही डावीकडून उजवीकडे चढलीय."

"मग हे काय आहे?"

"कारंदा नाही. किंवा या कारंद्याने पुस्तक वाचलेलं नाही."

"एकच उत्तर दे."

"देता येत नाही."

"उत्तर नाही," अप्पा म्हणाले. "अभ्यास कच्चा." सहलीचा निकाल लागला होता. त्यांनी पाकिटात घालायला फोटो उचलला, चष्म्याखालून एकदा पाहिला आणि हात तसाच ठेवला.

"तुमचं जानवं उजव्या खांद्यावर आहे," ते मामांना म्हणाले.

जानवं डाव्या खांद्यावर असतं. श्राद्धात, तर्पणात तेवढं ते उजव्या खांद्यावर घेतात. मामांचे आईवडील दोघंही मिरजेत धडधाकट होते.

"शक्य नाही," मामा म्हणाले.

"रानात कुणाचं तर्पण करत होतात?"

"अहो, मी अंघोळ करत होतो."

आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली आणि भावाला म्हणाली, "बाबा बरे आहेत ना रे, अण्णा?"

"बरे आहेत. धोतरजोडी मागवलीय त्यांनी."

"मग हे काय?"

मामांनी सदऱ्याची बटणं सोडून जानवं दाखवलं. ते डाव्या खांद्यावर होतं.

"हे आजचं झालं," अप्पा म्हणाले. "मी त्या दिवसाचं विचारतोय. अंघोळीनंतर जानव्याला हात लावलात?"

"नाही."

"कोणी पाहिलं?"

"कॅमेऱ्याने."

"कॅमेरा तर तुमच्या विरुद्ध सांगतोय."

एवढ्यात अक्काने अप्पांच्या हातातून फोटो घेऊन खुंटीजवळच्या आरशासमोर धरला. आरशात मामांचं जानवं डाव्या खांद्यावर होतं आणि वेल उजवीकडून डावीकडे चढत होती.

"मामा, काच उलटी ठेवून छापलात," ती म्हणाली. "कारंदाच आहे."

मामांनी फोटो हातात घेऊन तिरपा धरला. निगेटिव्हच्या काचेची एक बाजू कागदाला लावायची असते. त्यांनी दुसरी लावली होती. "दिवाळीची घाई होती," ते म्हणाले.

"त्या घाईत दिवाळसणाच्या जोडप्यांचे किती उलटे छापलेस?" आईने विचारलं. मामांनी सदऱ्याची बटणं लावायला घेतली.

अक्का अप्पांकडे वळली. "जमिनीच्या तंट्यात नकाशा असा उलटा निघाला, तर तुम्ही कोर्टाकडे काय मागता?"

अप्पा काय मागतात ते घरात सगळ्यांना माहीत होतं. जेवताना निम्म्या गोष्टी त्याच्याच असत.

"स्थळपाहणी," अप्पा म्हणाले.

"ती कुणी करायची?"

"ज्याला त्यातलं कळतं त्याने."

"इथे कुणाला कळतं?"

"साकु," अप्पा कन्नडमध्ये म्हणाले. पुरे. आणि आईकडे चहा मागितला.

मार्गशीर्षात अक्का सहलीला गेली. अप्पाही गेले, आणि कॅमेरा घेऊन मामा. मामांनी वर्गाला ओढ्याकाठच्या त्या झाडाशी नेलं. वेलीची पानं पिवळी पडली होती. वेल उजवीकडून डावीकडे चढलेली होती.

तिथे मामांनी काढलेला फोटो माझ्याकडे आहे. झाडाच्या एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात अप्पा. कोटाचा वरचा खिसा अप्पांच्या डाव्या बाजूला आहे, असतो तिथेच.