रिकामी दोरी

गिरणी कामगारांच्या जुन्या दगडी खोल्या बघायला आम्ही काही हौशी माणसं गेलो होतो. एका दाराचा उंबरा पावलांनी मधोमध झिजून खोलगट झाला होता. "काय सुंदर आहे," म्हणत मी कॅमेरा काढला.

आतून एक बाई लगबगीनं आली. "थांबा, एवढं काढून घेते. फोटो चांगला येईल." दारावरच्या दोरीवरचे ओले कपडे तिनं ओढून काढले आणि ते छातीशी धरून ती बाजूला झाली. तिचा पदर भिजत होता. मी 'राहू द्या' म्हणालो नाही.

तो दगड झिजवणारी माणसं आम्हाला हवी होती, फक्त ती होऊन गेलेली हवी होती.

फोटो देखणा आला. तो माझ्या बैठकीत लावलाय. पाहुणे उंबऱ्याचं कौतुक करतात, तेव्हा मी त्या रिकाम्या दोरीकडे बघायचं टाळतो.