काकांची आठ तारांची केबल

माझ्या मावशीच्या यजमानांइतका रिकामेपणाचा कट्टर वैरी घोड नदीच्या खोऱ्यात दुसरा झाला नसेल. माणूस असो, भांडं असो, नाहीतर भिंतीतला खिळा असो, नुसतं बसलेलं काही दिसलं की आमच्या काकांचा जीव खालीवर होतो. शिनोलीच्या त्यांच्या घरी डिशच्या जुन्या छत्रीत कुरडया वाळतात, बिघडलेल्या फ्रिजात तांदूळ राहतो आणि शेंगांच्या हंगामात वॉशिंग मशीनमध्ये भुईमूग धुतला जातो. पाहुण्यांचीही सुटका नाही. पुतणीला बघायला मंडळी आली होती, पोह्यांना जरा उशीर होता, तर काकांनी नवऱ्या मुलाच्या वडिलांपुढे लसणानं भरलेलं सूप सरकवलं. "पावणं, बसल्या बसल्या एवढा सोला, तवर पोहे व्हत्यात." त्यांनी बिचाऱ्यांनी सोलला. लग्नही जमलं.

लग्नांचं शूटिंग हा काकांचा धंदा. लोणीपासून आहुप्यापर्यंत कोणत्या नवरदेवाला बोहल्यावर किती घाम फुटला, हे सांगू शकणारा हा एकमेव माणूस. शेजारी हॅलोजन धरून मावशी उभी. तिचा आवाज असा, की ती ओट्यावर बोलली तर नदीपलीकडची गुरं मान वर करायची. त्यामुळे काकांच्या प्रत्येक शूटिंगमध्ये ऐन मंगलाष्टकांत ऐकू येतं, "अहो, नवरी इकडंय! त्या आचाऱ्याला काय काढताय?" गिऱ्हाईक तक्रार करायचं. काका म्हणायचे, "बाकीचे नुस्तं चित्र देत्यात. आमी वर मालकीणबाईंचा आवाज बी देतो."

मध्यंतरी मावशीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आता कान तिच्या तोंडाशी न्यावा तेव्हा कुठे काही कळतं. त्यात गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ती खालच्या खोलीत खाटेवरच असते.

यंदाच्या उन्हाळ्यात काकांचा फोन आला. "पुण्याला कंप्युटरात हायेस ना? मग ये. फाइली लई हळू चालल्यात राव." सगळी शूटिंगं माडीवरच्या जुन्या कॉम्प्युटरात होती आणि त्याची डिस्क आता कटकट वाजू लागली होती. कधी मान टाकील, नेम नव्हता. म्हणून काकांनी फाइली साठवायला एक नवा डबा आणून खाली पडवीत बसवला आणि माडीपासून तिथवर केबल ओढली होती. पण त्या केबलमधून फाइली मुंगीच्या पावलांनी उतरत होत्या. "पेनड्राइव्हवर घेऊ," मी म्हणालो. पण पेनड्राइव्ह लावायची सगळी भोकं काकांनी दुरुस्त करून करून कायमची बंद केली होती.

काकांनी आपल्या परीनं शोध घेतला होता. पाटाला पाणी कमी आलं की वरच्या अंगाला कोणीतरी मोटर टाकलेली असते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. तेव्हा त्यांनी आधी घरातला टीव्ही बंद केला, मग पंखे, आणि शेवटी गच्चीवर उभं राहून आख्ख्या आळीला मोबाइल बंद करायला लावले. "काका, फाइली घरातल्या घरात जातायत. आळीचा काय संबंध?" मी म्हणालो. "आसं तू म्हणतोस. पर खालच्या घरचा गणपत लई शांत बसला व्हता," काका म्हणाले.

एवढी लोकांची लग्नं जपायचा आटापिटा कशाला, असं मी विचारलं. काका केबलकडे बघत म्हणाले, "लग्नं लोकांची हायेत रे. आवाज आपला हाये." मग मात्र मी थट्टा बंद केली आणि केबल धरून एकेक पायरी तपासत खाली आलो.

मावशीच्या खाटेमागे ती केबल सोलली होती. त्यातल्या चार तारा पुढे पडवीत गेल्या होत्या. उरलेल्या चारांना इकडे खाटेला बांधलेलं एक बटण आणि तिकडे माडीवर एक घंटी जोडली होती.

"आत आठ असत्यात," काका पडेल आवाजात म्हणाले. "मी बगितलं, चारावर बी फाइली जात्यात. चार नुस्त्या झोपल्या व्हत्या. हिला हाक मारता येत नाय, म्हून..."

"चारावर जातात, पण कशाबशा. पुरता वेग पाहिजे तर आठही लागतील," मी म्हणालो. काकांनी एकदा माडीकडे बघितलं, एकदा मावशीकडे. तिनं डोळ्यांनीच होकार दिला. त्यांनी स्वतःच्या हातानं बटण सोडवलं आणि मी खालीवर दोन्हीकडे तारा जोडल्या.

वर जाऊन पाहतो तर फाइली धो धो उतरत होत्या. मला इतका आनंद झाला, की मी जिन्यातूनच ओरडलो, "काका, संध्याकाळच्या चहाच्या आत होतंय सगळं! मग घंटी लावा परत!"

काका मावशीच्या खाटेवर बसले होते. "आता घंटी नाय, तवा मलाच हितं बसाया पायजे," ते मला जरा दरडावूनच म्हणाले. मावशीनं त्यांचा हात धरला होता. मला तो माणूस त्या घडीला फार म्हणजे फार आवडला.

मावशीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकून कान तिच्या तोंडाशी नेला.

"आरं, हळूहळूच जाऊ दे त्या फाइली," ती म्हणाली. "ते झालं की हे उठत्याल."