बुधलीमावशीने गोणी ओतवली

जन्मभर बायकांचे कपडे शिवून मावशीने घर चालवलं, लेकीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. पण गल्लीत नाव पडलं ते बुधलीमावशी! रिकामी बाटली, बरणी, कॅन, काहीही हिच्या हाती लागलं की त्याची सुटका नाही. तेलाचा कॅन तिरका कापला की पीठ उपसायला मूठ असलेलं पात्र झालं. शांपूच्या बाटलीचा गळा उडवला की कात्र्या ठेवायला जागा झाली. कापलेली कड बोटाला लागू नये म्हणून मध्ये कागद धरून ती गरम इस्त्रीवर क्षणभर टेकवायची. कड कशी, दुमड घातल्यासारखी गोल!

मग डोळे गेले. एकदम नाही. आधी सुईचं नेढं गेलं, मग दोरा, मग माणसांची तोंडं. उरला नुसता उजेड आणि अंधार. डॉक्टरांनी हात टेकले, पण मावशीचं काही अडलं नाही. मधाची बाटली कमरेत बारीक, तिच्यात मीठ. आइस्क्रीमचा चौकोनी डबा साखरेचा. दोन बरण्या सारख्या निघाल्या तर एकीच्या गळ्यात बटण अडकवलेलं. हात फिरवला की स्वयंपाकघर आपणहून बोलायला लागायचं.

लेकीला मात्र या पसाऱ्याची लाज वाटायची. एकदा माहेरी आली असताना मावशी शेजारी गेलेली पाहून तिने सगळं गोणीत भरलं, कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि फळीवर काचेच्या बरण्या भरून मांडल्या. सगळ्या एका मापाच्या, एका घाटाच्या. वर सुबक अक्षरात चिठ्ठ्यासुद्धा! त्या वाचायच्या कोणी, ते विचारू नका.

गोणी भंगारात दिल्याचं आईला सांगून लेक सासरी परतली आणि शेजारीण चहाला आली. पहिल्याच घोटाला ती मोरीकडे धावली. साखरेच्या जागी मीठ पडलेलं! बातमी फोनवरून लेकीपर्यंत पोचायला कितीसा वेळ?

"आई, बास झालं. उद्या न्यायला येते. घराला कुलूप लावू."

"अगं, मी आंधळी नव्हते. तू केलंस मला आंधळी!" म्हणत मावशीने फोन आपटला.

सकाळी भिंतीला हात लावत लावत ती भंगारवाल्याच्या दारात हजर.

"माझी गोणी कुठाय?"

"मावशी, ती सगळ्यांत मिसळली हो. गाडी यायचीय आता."

"मग सगळं ओत."

"रस्त्यावर?"

"नाहीतर काय माझ्या डोक्यावर? ओत म्हणते ना!"

त्याने ओतलं. मावशीने पदर खोचला आणि त्या ढिगात फतकल मारली. एकेक वस्तू चाचपायची, एक मांडीशी ठेवायची, चार भिरकावायची. माणसं जमली. भंगारवाल्याला चेव आला. "ही घ्या, हीच तुमची," म्हणत त्याने एक कापलेली बाटली पुढे केली.

मावशीने कडेवरून बोट फिरवलं. "हे काम माझं? मी असं शिवून दिलं असतं तर बायकांनी मला गल्लीतून हाकललं असतं!"

सगळे खो खो हसले. तेवढ्यात रिकामी बॅग घेऊन लेक येऊन ठेपली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत की. त्यांना दिसतंय, त्यांनी बघावं."

सगळं मिळालं, फक्त मधाची बाटली पार चेपून गेली होती. मावशीने ती हातात फिरवून बाजूला ठेवली. मग ढिगातून एक खरबरीत अंगाची बरणी उचलून म्हणाली, "आजपासून मीठ हिच्यात."

घरी येऊन तिने लेकीला खुर्चीत बसवलं. "उठायचं नाही. हात लावायचा नाही. बोलायचंही नाही."

बरण्या, डबे धुऊन पुसून भरले, फळीवर ज्याच्या त्याच्या जागी बसवले. मग आधण ठेवलं. लेक श्वास रोखून बघत होती. मावशीने फळीवर हात फिरवला. चौकोनी डब्याशी थांबली, झाकण काढलं, चमचा घातला.

कप पुढे आला. लेकीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"जरा गोड झालाय."

"झालाय ना गोड? मग बॅग उचल, आणि त्या तुझ्या बरण्याही घेऊन जा. मी इथंच राहणार."

लेकीने चहा संपवला. कप विसळायला उठली, तर मावशी ओरडली, "जागच्या जागी ठेव तो! नाहीतर उद्या पुन्हा शोधत बसेन."

लेकीने कप होता तिथेच ठेवला, आणि बॅगेत बरण्या भरून एकटीच घरी गेली.