दोन ठिकाणी एक मुंगी

मुंग्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देण्याचा कुणी पगार देतं, हे तिच्या सासरच्यांना काही केल्या पटत नव्हतं. लग्नाला महिना झाला असेल नसेल, सासऱ्यांनी विचारलं, "म्हणजे तू दिवसभर तिथं नेमकं करतेस काय?" तिनं जे होतं ते सांगितलं.  मग सासरे मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "सून गुणी आहे. फक्त तिला फार प्रश्न विचारत जाऊ नकोस."

याला आता पुष्कळ वर्षं झाली. सासरे गेले, नवऱ्याच्या मिशा पिकल्या आणि ती अजून ठिपकेच देत होती. संशोधन संस्थेत शिपायापासून सरांपर्यंत सगळे तिला मुंगीताई म्हणत. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कुणीतरी उच्चारायचं, आणि तेव्हा तिला क्षणभर लक्षातच यायचं नाही की आपल्याला हाक मारताहेत.

काम सांगायला सोपं होतं. काचेच्या पेटीत मुंग्यांची वसाहत. प्रत्येक मुंगी वेगळी ओळखू यावी म्हणून तिला तीन ठिपके: एक डोक्यावर, एक पाठीवर, एक पोटावर. मुंगी बर्फावर ठेवून जरा सुस्त करायची, भिंगाखाली घ्यायची आणि टाचणीच्या टोकानं रंग टेकवायचा. रंग जास्त झाला तर पाय चिकटतात, कमी झाला तर बाकीच्या मुंग्या चाटून पुसून टाकतात. पहिल्या वर्षी तिनं इतक्या मुंग्या रंगात बुडवून मारल्या होत्या की सरांनी तिला मुंग्यांचं औषध म्हणून विकायला काढायची धमकी दिली होती. पुढे हात बसला.

हात चालू असताना तोंडही चालू असे. विज्ञानकथांचं तिला वेड होतं. रद्दीच्या दुकानातून जुनी मासिकं किलोवर आणायची आणि डबा खाताना वाचायची. चहाचा चमचा हरवला, की तो काळाच्या भोकातून पडलेला असायचा आणि पुढच्या शतकात कुणाच्या तरी कपात निघणार असायचा. वरच्या मजल्यावरचं एक यंत्र सारखं बंद पडायचं. ते तिच्या मते मुळात परग्रहावरचं होतं आणि त्याला माहेरची आठवण येत होती. "सर, उद्या मुंग्यांनी आपल्याला ठिपके द्यायला घेतले, तर तुम्हाला कुठं देतील?" असं तिनं एकदा विचारलं. सरांनी टकलावरून हात फिरवला. "जागेची अडचण नाही," ते म्हणाले.

घरीही तेच. न्हाणीघरातल्या कोळ्याचं जाळं काढायचं नाही, असा घरात कायदा होता. नवरा शिंपी, घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. तो तिला शास्त्रज्ञबाई म्हणायचा, आणि कोळ्याची परवानगी घेऊन अंघोळीला जायचा.

मग यंदाच्या उन्हाळ्यात एकदा नवऱ्यानं मशीनवरून हाक मारली, "शास्त्रज्ञबाई, ते हिरवं रीळ टाका इकडं." तिनं टाकलं. त्यानं लावलं, शिवलं. संध्याकाळची वेळ, दिवा मिणमिणता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक हिरवी पँट घेऊन परत आलं. शिवण तपकिरी होती. गिऱ्हाईक नको नको ते बोललं, नवऱ्यानं मुकाट्यानं पँट उसवून पुन्हा शिवून दिली आणि दिव्याला चार शिव्या घातल्या. तिनं दिवा बदलला. पण रीळं काही बदलली नाहीत. हिरवं आणि तपकिरी शेजारी धरलं तरी तिला दोन्हीकडे सारखाच चिखल दिसत होता.

ती कुणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं बरंच काय काय तपासलं आणि म्हणाला, "डोळ्यामागची नस अशक्त होत चाललीय. वाचता येईल, वावरता येईल, बरीच वर्षं येईल. रंग मात्र आधी जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. तुम्ही काम काय करता?"

"कारकून आहे," ती म्हणाली.

"मग तुमचं काही अडायचं नाही."

तिनं खोटं का सांगितलं, हे तिला पायऱ्या उतरतानाच कळलं. रंग गेले की मुंगीताई उरत नव्हती. उरलीच तर कुणीतरी एक बाई उरत होती, जिला संस्थेत यायचं काही कारण नव्हतं. तिला इतकी भीती वाटली की ती घरी न जाता बसथांब्यावर नुसती बसून राहिली.

मग तिनं तोड काढली. रंगाच्या बाटल्यांवरची लेबलं केव्हाच बरबटून गेली होती. पण लाकडी घोडीवरचा बाटल्यांचा क्रम वर्षानुवर्षांचा होता, तोच तिनं धरून ठेवला. डावीकडून पहिला पांढरा, मग पिवळा, मग हिरवा, असं बोटांनी पाठ केलं. काम निभत होतं. कुणी बाटली उचलून भलत्या जागी ठेवली तर काय, हा विचार आला की ती तो झटकून टाकायची.

आता धाकटीविषयी सांगायला हवं. धाकटी म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यात लहान पोरगी, डॉक्टरेटसाठी आलेली. घरापासून लांब, खोलीवर एकटी, जेवणाचे हाल. मुंगीताईचा तिच्यावर जीव होता. गेल्या थंडीत तिनं स्वतः लोकर निवडून धाकटीला स्वेटर विणून दिला होता, चांगला मातकट तपकिरी. "खास मुंग्यांचा रंग निवडलाय," असं म्हणून तिनं तो दिला, तेव्हा धाकटी जरा गोंधळून हसली होती. मग ताईंचा नेहमीसारखा विनोद समजून तिनं तो अंगात चढवला, आणि पुढे सगळी थंडी उतरवला नाही.

मुंग्यांमध्ये कामाची वाटणी असते. तरुण मुंग्या घरट्यात पिल्लं सांभाळतात, वय झालं की बाहेर अन्नाला जातात. धाकटी याच वाटणीचा अभ्यास करत होती. सकाळी ती अन्नाच्या ताटलीपाशी बसायची आणि कोणकोण आलं ते टिपायची. दुपारी घरट्यावरचं काळं कापड सारून आतल्या मुंग्या टिपायची. दोन वर्षं झाली तरी हाती नवीन काही लागत नव्हतं, आणि सर हल्ली तिला बघून सुस्कारे सोडायला लागले होते.

आणि अचानक एक मुंगी दोन्हीकडे दिसायला लागली. पांढरा-हिरवा-पिवळा. सकाळी ताटलीवर, दुपारी पिल्लांपाशी, रोज, न चुकता. धाकटीनं तिचं नाव ठेवलं डबलड्यूटी. सर खुर्चीतून उठून पेटीपाशी आले, ही गोष्ट सहसा घडत नसे. एका मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं, शोधनिबंध लिहून तयार झाला. धाकटीनं आईला फोन केला आणि बोलता बोलता रडायलाच लागली.

सगळ्यात जास्त आनंद मुंगीताईला झाला होता. आयुष्यभर वाचलेल्या गोष्टींतली एक तिच्या पेटीत उतरली होती. नियम न मानणारी मुंगी! चहाच्या वेळी तिनं डबलड्यूटीला स्वतःचं अंतराळयानही देऊन टाकलं.

त्याच चहाला धाकटी सहज म्हणाली, "एकीचं मात्र वाईट वाटतं. पांढरा-तपकिरी-पिवळा. तुम्ही डबलड्यूटीच्याच दिवशी तिला ठिपके दिले होते. त्यानंतर ती दिसलीच नाही. मेली असेल."

मुंगीताईनं कप खाली ठेवला. त्या दिवशीच्या बाटल्या ती मनातल्या मनात डावीकडून मोजायला लागली.

ती मुंगी मेली नव्हती. कुणी बाटल्या हलवल्या असतील आणि तपकिरी म्हणून हिरव्यात टाचणी बुडवली गेली असेल, तर पेटीत पांढरा-हिरवा-पिवळा अशा दोन मुंग्या होत्या: एक म्हातारी, अन्नाला जाणारी, एक तरुण, पिल्लांपाशी बसणारी. दोघी आपापलं साधं काम करत होत्या, मुंग्या करतात तसं. धाकटी दोन्ही जागा एका वेळी कधीच बघत नव्हती. खात्री करायची तर मुंगीताईनं स्वतः बघायला हवं होतं, आणि तिनं पाहिलं तर तिला चिखलाच्या रंगाच्या पाठी दिसत होत्या, सगळ्या सारख्या. दुसरे डोळे हवे होते. ते धाकटीचे होते.

पुढचे काही दिवस ती गप्प गप्प झाली. चमचा हरवला तरी काही बोलली नाही. एका संध्याकाळी नवऱ्यानं मशीन थांबवलं आणि तिच्यापुढे दोन रीळं ठेवली.

"यातलं हिरवं कुठलं?"

तिनं जरा वेळ घेऊन उजवीकडचं उचललं.

"दोन्ही तपकिरी आहेत," नवरा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "उन्हाळ्यापासून मी रीळं स्वतः उठून घेतोय. तुझ्या लक्षात नाही आलं?"

मग तिला रडू फुटलं आणि सगळं बाहेर आलं. डॉक्टर, बाटल्या, मुंगी, परिषद.

"कळेल का कुणाला?" त्यानं विचारलं.

"आज ना उद्या. दुसरं कुणीतरी करून बघेल आणि त्यांना असली मुंगी मिळायची नाही. तोवर पोरीचं नाव त्यावर लागलेलं असेल."

"आणि तू सांगितलंस तर?"

"माझं काम जाईल. तिचं बोलावणं जाईल. आणि ती माझ्याकडे कशी बघेल, ते मला बघवायचं नाही."

नवरा रीळं उचलून जागेवर ठेवायला गेला. "रंग दिसत नाहीत, तोंड तर दिसतं ना," तो तिकडूनच म्हणाला. "बघ मग. त्या पँटवाल्याचं तोंड मी बघितलंच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धाकटीच्या शेजारी ताटलीपाशी जाऊन बसली. थोड्या वेळानं धाकटी पुढे वाकली. "आली बघा आमची डबलड्यूटी."

"कुठली? बोट दाखव."

धाकटीनं दाखवलं. मुंगीताईनं मऊ ब्रशनं ती मुंगी अलगद उचलून काचेच्या छोट्या कुपीत टाकली आणि बूच लावलं. हात अजून पहिल्यासारखेच होते. कुपी मुठीत धरून ती घरट्यापाशी गेली आणि काळं कापड बाजूला केलं.

"इकडे ये. आत बघ, पिल्लांपाशी. कोण कोण आहे ते सांग."

"आत्ता? दुपारी बघते ना मी."

"आत्ता बघ."

धाकटी वाकली. एकेक रंग पुटपुटत गेली, आणि मग कौतुकानं म्हणाली, "हो, ही काय इथंच आहे. पांढरा, हिरवा, पि..."

ती थांबली. मुंगीताईनं मूठ उघडली.

"मग ही कोण?"

कुपीतली मुंगी काचेवरून वरखाली करत होती. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, घरट्याकडे पाहिलं, पुन्हा कुपीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरत गेला आणि मुंगीताईनं तो पूर्ण उतरेपर्यंत पाहिला.

"पण तुम्ही चुकत नाही कधी," धाकटी हळूच म्हणाली.

"मला हिरवा दिसत नाही, बाळा. तपकिरीही दिसत नाही. दोन्ही एकच. माझं चुकलं, मी लपवलं." तिनं घाईनं पुढे जोडलं, "पण उन्हाळ्यापासूनच. रीळ चुकलं तेव्हापासून. त्याआधीचं तुझं सगळं काम चोख आहे, ते धर. ते तुझं कुठं जात नाही."

 सकाळच्या गारठ्याला अंगात घातलेल्या स्वेटरची बाही धाकटी बोटांनी ओढत राहिली.

"ताई," शेवटी ती म्हणाली, "हा कुठल्या रंगाचा आहे?"

"हा? तपकिरी. मीच तर विणलाय, गेल्या थंडीत."

धाकटीनं बाही सोडली आणि तिचा हात धरला.

"हिरवा आहे, ताई," ती म्हणाली.